कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात अळ्यांची प्रथिने: वाचकांचे प्रश्न आणि पशुवैद्यकाची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे: अळ्या, रातकिडे अशा कीटकांच्या प्रथिनांपासून तयार केलेले पाळीव प्राण्यांचे खाद्य. काही पत्रे परदेशातून आली आहेत, कारण तिथल्या दुकानांत हे खाद्य सहज मिळते. काही आपल्याकडच्या घरांतून आली आहेत आणि एक पत्र रेशीम उत्पादक शेतकऱ्याचे आहे. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला राहतो. आमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला बाराही महिने खाज सुटते, तो पंजे सतत चाटतो आणि त्याचे कान वारंवार वाहतात. इथल्या डॉक्टरांनी त्याला आठ आठवडे फक्त अळ्यांपासून बनवलेले खाद्य द्यायला सांगितले आहे. सासूबाईंना ही कल्पनाच सहन होत नाही आणि पिशवी उघडताना मलाही कसेसेच होते. हे खाद्य सुरक्षित आहे का आणि त्याने खाज खरोखर जाईल का? (एक वाचक, आयंडहोव्हन)

उत्तर: तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग योग्य आहे, मात्र घरातले सगळे जण हे आठ आठवडे किती काटेकोरपणे पाळतात यावर त्याचे फळ अवलंबून राहील. सासूबाईंना वाटणारी किळस समजण्यासारखी आहे, म्हणून त्या पिशवीत नेमके काय असते ते आधी सांगतो.

युरोपातील अशा खाद्यांत बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी वापरतात. ही माशी मूळची अमेरिका खंडातली, पण आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेली आहे. ती भारतातही आढळते. घरमाशीसारखी ती ताटावर येऊन बसत नाही आणि चावतही नाही. प्रौढ माशी अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगते आणि तेवढ्यात पाचशेच्या आसपास अंडी घालते. साधारण चार दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर सुमारे दोन आठवडे अळी अखंड खात राहते. कारखान्यात हे सारे उथळ ट्रेमध्ये, उबदार आणि दमट हवेत चालते. अळी पुरेशी वाढली की चाळणीने तिला उरलेल्या खाद्यापासून व विष्ठेपासून वेगळे करतात, उकळत्या पाण्यातून काढतात, वाळवतात, दाबून तेल काढतात आणि उरलेली पेंड दळतात. तुमच्या हाती जे दाणे येतात त्यांत ही तपकिरी भुकटी बटाटा, वाटाणा किंवा धान्याचे पीठ, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्याबरोबर मळून भाजलेली असते. त्यात अळीचा आकार कुठेही दिसत नाही. वाळवलेल्या अख्ख्या अळीत प्रथिने सुमारे 40 टक्के आणि चरबी 30 टक्क्यांच्या आसपास असते, तर तेल काढलेल्या पेंडीत प्रथिनांचे प्रमाण 50 ते 60 टक्क्यांपर्यंत जाते. तिच्या तेलात खोबरेलाप्रमाणे लॉरिक आम्ल भरपूर असते.

सुरक्षिततेचा प्रश्न बराचसा अळीला काय खाऊ घातले यावर येऊन ठेपतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये या विषयाचा आढावा घेतला तेव्हा तिचाही भर याच मुद्द्यावर होता. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीच्या अंगात कॅडमियम साठत जाते. खाद्यात तो धातू असेल तर अळीत तो अधिक तीव्र प्रमाणात सापडतो. म्हणूनच युरोपीय कायदा या अळ्यांना कोंबडी-डुकरांप्रमाणे पाळीव जनावरांच्या वर्गात धरतो आणि त्यांना शेणखत, हॉटेलांतले उष्टे किंवा मांस खाऊ घालण्यास मनाई करतो. मॅड काऊ रोगाच्या धक्क्यानंतर 2001 पासून युरोपात जनावरांच्या खाद्यातील प्राणिजन्य प्रथिनांवर कडक बंदी होती. ती कीटकांपुरती टप्प्याटप्प्याने सैल झाली, 2017 मध्ये मत्स्यपालनासाठी आणि 2021 मध्ये कोंबड्या व डुकरांसाठी. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याला ही बंदी तशी लागू नव्हती, म्हणून तिथे कीटक आधीच पोचले होते. तुमच्याच देशात बर्गन ऑप झूम येथे 2019 मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या हस्ते अशा अळ्यांच्या एका मोठ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. या व्यवस्थेतून आलेल्या आणि ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेल्या खाद्याबद्दल तुम्हाला भीती बाळगण्याचे कारण नाही. कुत्र्यांवर झालेल्या बहुतेक प्रयोगांत या प्रथिनांचे पचन 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून चांगले आढळले आहे. हे प्रयोग बहुधा काही आठवड्यांचेच असतात, ही गोष्ट मात्र मी माझ्याकडे येणाऱ्यांपासून लपवत नाही.

आता खाजेविषयी. अन्नाची ॲलर्जी हे खाजेचे एक कारण आहे, सर्वांत नेहमीचे कारण नव्हे. पिसवा, खरूज, कातडीवरची बुरशी, घरातल्या धुळीतले माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव आणि परागकण यांचा विचार आधी व्हावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी तो केला असेलच. ज्या कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी सिद्ध झाली अशा 297 कुत्र्यांच्या नोंदी 2016 मध्ये एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हा 34 टक्के कुत्र्यांना गोमांसाची, 17 टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थांची, 15 टक्क्यांना कोंबडीची आणि 13 टक्क्यांना गव्हाची ॲलर्जी असल्याचे दिसले. कुत्र्याच्या नेहमीच्या ताटात जे असते तेच या यादीत आहे, कारण शरीर ज्या प्रथिनाला अनेकदा सामोरे गेले आहे त्याच्याविरुद्धच ते उठते. अळीच्या प्रथिनाशी तुमच्या कुत्र्याची आजवर गाठ पडलेली नाही, म्हणून ते चाचणीसाठी उपयोगी. त्यात औषधी गुण आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या जागी सशाचे मांस किंवा सूक्ष्म तुकडे केलेली, म्हणजे हायड्रोलाइज्ड, प्रथिनेही चालली असती.

या आठ आठवड्यांत त्या खाद्याखेरीज आणि पाण्याखेरीज त्याच्या तोंडात काहीही जाता कामा नये. बिस्किट नाही, चीजचा तुकडा नाही, मुलाच्या हातून पडलेली पोळी नाही. ज्या गोष्टी लक्षात येत नाहीत त्या मुद्दाम सांगतो: पिसवा-गोचिडांसाठी दर महिन्याला दिली जाणारी चघळण्याची गोळी आणि कुत्र्यांची टूथपेस्ट यांना बहुधा मांसाची चव लावलेली असते, तेव्हा या काळापुरते बिनचवीचे पर्याय डॉक्टरांकडून मागून घ्या. पिशवीवरची घटकांची यादीही शेवटपर्यंत वाचा, कारण समोर अळीचे चित्र असलेल्या काही खाद्यांत कोंबडीची चरबी किंवा कोंबडीच्या कलेजीचा अर्क चवीसाठी घातलेला असतो. खाज कमी झाली तर तिथेच थांबू नका. जुने खाद्य पुन्हा सुरू करायचे आणि साधारण दोन आठवड्यांत खाज परतते का ते पाहायचे. परतली तरच दोष अन्नाचा होता असे म्हणता येते. हा दुसरा टप्पा घरचे लोक टाळतात, आणि मग कुत्र्याला जन्मभर महागडे खाद्य कशासाठी चालले आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

एक सावधगिरी. कीटक, माइट आणि कोळंबी-खेकडे यांच्या काही प्रथिनांत, विशेषतः ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनात, फार साम्य असते. साठवणीच्या धान्यातील माइटची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे मीलवर्म या अळीच्या प्रथिनांनाही चिकटतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तुमच्या कुत्र्याला माइटची ॲलर्जी असल्याचे आधीच निदान झालेले असेल, तर डॉक्टरांशी हायड्रोलाइज्ड खाद्याविषयी बोलावे. घरात कोणाला कोळंबीची ॲलर्जी असेल, तर ते खाद्य मोजण्या-हाताळण्याचे काम त्या व्यक्तीकडे देऊ नये.

प्रश्न: लंडनच्या भावाने आमच्या मांजरीसाठी कीटकांचे कोरडे खाद्य आणले आहे. मांजर तशीही झुरळे आणि टोळ मारून खाते, म्हणजे हे तिचे नैसर्गिकच अन्न झाले असे तो म्हणतो. ते तिला रोज दिले तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मांजर टोळ खाते हे खरे आहे, पण तिचे पोट मुख्यतः उंदीर आणि पक्षी यांवर घडलेले आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे आणि तिच्या काही गरजा कुत्र्यापेक्षा वेगळ्या आहेत: तिला टॉरिन हे अमिनो आम्ल, ॲरॅकिडॉनिक हे मेदाम्ल आणि तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व आहारातूनच मिळावे लागते. टॉरिन कमी पडले तर हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते आणि डोळ्याचा पडदा झिजत जातो. 1987 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांजरांच्या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला हा संबंध दाखवला, त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यांत टॉरिन वाढवण्यात आले आणि तो विकार झपाट्याने कमी झाला. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीवर टॉरिनसाठी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून ते वेगळे घातलेले असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषाप्रमाणे कोरड्या खाद्यात टॉरिन निदान 0.10 टक्के आणि डबाबंद ओल्या खाद्यात 0.20 टक्के हवे; डब्यात शिजवलेल्या खाद्यामुळे आतड्यातले जिवाणू अधिक टॉरिन फस्त करतात, म्हणून तिथे आकडा दुप्पट आहे. त्याच संघटनेने वाळवलेल्या अळीला 2021 मध्ये मान्यता दिली ती आधी प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठी. मांजरांची पाळी नंतर आली.

पाकिटावर टॉरिनचा उल्लेख आणि ‘प्रौढ मांजरांसाठी संपूर्ण आहार’ असे शब्द असतील तर ते रोज देता येईल. ‘पूरक’ असे लिहिले असेल तर ते फक्त खाऊ म्हणून चिमूटभर द्या. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. मांजर नवे खाद्य हुंगून बाजूला झाली तर ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून तिला उपाशी ठेवू नका, कारण लठ्ठ मांजरीने दोन-तीन दिवस अन्न सोडले तरी तिच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. कुत्र्याच्या बाबतीत चालणारा हा हट्ट मांजरीच्या बाबतीत करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. रस्त्यावर सापडलेले पिल्लू दोन वर्षांपूर्वी घरी आणले आणि तेव्हापासून ते दूध-पोळी व दही-भात खाते. अलीकडे त्याचे केस गळू लागले आहेत आणि डॉक्टर प्रथिने वाढवा म्हणतात. मांस घरात आणणे आम्हाला शक्य नाही. मुलगी म्हणते की कीटकांचे खाद्य आणावे, त्यात मोठ्या जनावराची हत्या तरी नाही. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्या मुलीच्या मनात करुणा आहे, पण या विचारातला हिशेब तुम्ही स्वतः पाहावा असे मला वाटते. पूर्ण वाढलेली ताजी अळी साधारण 0.2 ग्रॅमची असते आणि वाळल्यावर तिचे वजन एक-तृतीयांशाहून कमी उरते. म्हणजे एक किलो सुक्या अळीमागे पंधरा हजारांच्या वर जीव जातात. कोंबडी किंवा बकऱ्याच्या एवढ्या मांसामागे जाणाऱ्या जिवांशी याची तुलनाच होऊ शकत नाही. कीटकाला वेदना किती जाणवतात यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. ब्रिटनने 2022 मध्ये प्राण्यांच्या संवेदनशीलतेविषयी केलेल्या कायद्यात माकूळ, ऑक्टोपस, खेकडे आणि शेवंडे यांना स्थान मिळाले, कीटकांना मिळाले नाही. परंतु तुमच्या परंपरेत मुंगीचा जीवही जीवच मानला जातो आणि पावसाळ्यात पाऊल टाकतानाही जपले जाते. जीवहत्या नको ही तुमची अट असेल, तर कीटकांचे खाद्य त्या अटीत बसत नाही. ज्या घरांची अडचण फक्त गाय, डुक्कर किंवा बकरा यांच्याविषयी आहे, त्यांना ते बसू शकेल; तुम्हाला नाही.

तुमच्या कुत्र्याची खरी अडचण मात्र मांस नसण्यापेक्षा आहार अपुरा असण्याची आहे. प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात, पाणी वजा केल्यावर, निदान 18 टक्के प्रथिने हवीत. त्याच पद्धतीने मोजल्यास कणकेत ती 12-13 टक्के आणि तांदळात 8 टक्क्यांच्या आसपास भरतात. वर घातलेले थोडे दूध-दही ही तूट पुरती भरून काढत नाही आणि लायसिन, जस्त, तांबे, ड जीवनसत्त्व यांची उणीव राहते ती वेगळीच. कातडी आणि केस यांवर प्रथिने व जस्त यांचा तुटवडा लवकर दिसतो. कुत्रा मांजरीसारखा निव्वळ मांसाहारी नाही. माणसाच्या सोबतीने राहता राहता पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता त्याच्यात वाढली आहे, आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचा पुरावाही दिला: लांडग्यात दोनच प्रती असलेले, स्टार्च पचवणारे जनुक कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींत सापडते. त्यामुळे सोयाबीन, डाळी आणि पनीर यांवर आधारलेला, जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण घातलेला शाकाहारी संपूर्ण आहार प्रौढ कुत्र्याला मानवू शकतो. तो तयार घ्या किंवा पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून ग्रॅमच्या हिशेबाने लिहून घ्या. अंदाजाने करू नका. केस गळण्यामागे खरूज किंवा थायरॉइड नाही याचीही खात्री करून घ्या.

प्रश्न: आम्ही तुतीची लागवड करून रेशीम कोष घेतो आणि जालन्याच्या बाजारात विकतो. कोषातला प्यूपा कुत्र्यांच्या खाद्याला चालतो आणि त्याला चांगला भाव येतो, असे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. आम्हाला यातून काही उत्पन्न मिळेल का, आणि डाग कोष फोडून प्यूपे आमच्या राखणीच्या कुत्र्याला घातले तर चालतील का? (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर: तुमचे पत्र वाचून मला विशेष आनंद झाला, कारण आपल्याकडे या विषयाला खरा जोर येईल तर तो रेशमातूनच, असे माझे मत आहे. माशीच्या अळ्या वाढवायला नवा कारखाना उभारावा लागतो; रेशमाचा प्यूपा, म्हणजे कोषात दडलेली अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था, आपल्याकडे आधीच तयार होतो आणि त्याचे पुरेसे मोल होत नाही. ताज्या कोषाच्या वजनात रेशमाचे कवच पाचवा हिस्सा धरले, तर शंभर किलो कोषांत सुमारे ऐंशी किलो प्यूपाच असतो. त्यातले तीन-चतुर्थांश पाणी गेल्यावर वीस किलोच्या आसपास सुका माल उरतो आणि त्यात निम्मी प्रथिने व पाव भागाहून थोडी अधिक चरबी असते. आसामात एरी रेशमाचे प्यूपे लोक आवडीने खातात, देशात अनेक ठिकाणी प्यूपा मासळीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि बेंगळुरूमध्ये रेशीम-प्यूप्यापासून पशुखाद्याची प्रथिने काढणारे उद्योगही उभे राहिले आहेत. युरोपनेही 2021 मध्ये आपल्या मान्य कीटकांच्या यादीत रेशीमकिड्याला आठवे स्थान दिले.

परंतु उत्पन्नाचे गणित तुमच्या दारात सुटत नाही. तुम्ही कोष वजनावर विकता, तेव्हा प्यूपा त्यासोबत रिलिंगवाल्याकडे, म्हणजे कोषातून धागा काढणाऱ्याकडे, जातो. धागा काढल्यावर जो ओला ढीग उरतो तो त्याच्या मालकीचा. त्या ढिगाजवळ उभे राहिलेल्या कोणालाही त्याचा वास विसरता येत नाही. प्यूप्याच्या तेलात जवसाच्या तेलाप्रमाणे अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुष्कळ असते आणि ते हवेत लवकर खवट होते. त्यात ओलावा असला की काही तासांत सडण्याला सुरुवात होते. रिलिंग झाल्याबरोबर धुणे, वाळवणे आणि तेल काढणे ही कामे त्याच आवारात झाली, तरच कुत्र्याच्या खाद्याच्या दर्जाची पेंड मिळते. उन्हात अंथरून चार दिवसांनी उचललेला माल खताच्याच किमतीचा. म्हणून शेतकऱ्यांच्या गटाने किंवा उत्पादक कंपनीने रिलिंग केंद्राशी करार करून वाळवणी आणि तेलघाण्याची सोय केली, तर त्यात अर्थ आहे. एकट्याने यात पैसे घालू नयेत.

माल तपासायला दिलात तर प्रयोगशाळेच्या अहवालातील प्रथिनांचा आकडा जपून वाचा. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. कीटकाच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नव्हे. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये तीन जातींच्या अळ्यांसाठी, त्यांत ब्लॅक सोल्जर फ्लायही होती, 4.76 हा गुणक सुचवला. त्या हिशेबाने कागदावरचे 50 टक्के खरोखर 38 टक्केच भरतात. प्यूप्याचा गुणक अगदी तोच नसेल, पण दिशा तीच आहे, आणि खरेदीदार जाणता असेल तर तो हे विचारणारच.

राखणीच्या कुत्र्याला डाग कोषांतले कच्चे प्यूपे घालू नका. ग्रासरी, फ्लॅचेरी किंवा मस्कार्डिन हे रोग झालेल्या बॅचमधल्या किड्यांत विषाणू, जिवाणू किंवा बुरशी माजलेली असते आणि संगोपनगृहात वापरलेली ब्लीचिंग पावडर, चुना व फॉर्मालिन यांचे अंश त्यांना लागलेले असू शकतात. निरोगी बॅचमधले, स्वच्छ धुऊन नीट उकडलेले ताजे मूठभर प्यूपे मोठ्या कुत्र्याला भाकरीबरोबर द्यायला हरकत नाही. पहिल्यांदा दोन-चारच घालून दोन दिवस पाहा. उलटी, जुलाब किंवा तोंडाला सूज दिसली तर पुन्हा देऊ नका.

प्रश्न: कीटकांचे खाद्य पर्यावरणाला चांगले असते असे सगळीकडे वाचायला मिळते. हे कितपत खरे आहे? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: काही प्रमाणात खरे आहे, जाहिरातीत सांगतात तेवढे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील ग्रेगरी ओकिन यांनी 2017 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, अमेरिकेत पशुजन्य अन्नाच्या उत्पादनाचा जमीन, पाणी, इंधन यांवर जो भार पडतो, त्यातला सुमारे पाव भाग कुत्र्या-मांजरांच्या वाट्याचा आहे. हा आकडा कीटकांच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. त्यावर आक्षेपही रास्त आहे: तयार खाद्यात बरेचसे मांस हे माणूस न खाणारे भाग असतात, आणि ते कुत्र्याने खाल्ले नाहीत तर त्यांची विल्हेवाट वेगळी लावावी लागेल. आपल्याकडे तर कोंबडीचे पाय, माना आणि खाटकाकडचे तुकडे यांवर कितीतरी कुत्री पोसली जातात. अशा कुत्र्याला अळीच्या खाद्यावर आणून पृथ्वीचे फारसे भले होत नाही.

अळी कमी जागेत, कमी पाण्यात आणि झपाट्याने वाढते, यात शंका नाही. पण ती जर कोंबडीलाही चालेल असे धान्य खाऊन वाढली, आणि थंड देशात तिच्यासाठी हिवाळाभर खोली तापवली, मग वाळवण्यासाठी पुन्हा इंधन जाळले, तर फायदा बराच आटतो. भाजीबाजारातला कचरा तिला घालावा ही कल्पना आकर्षक आहे. परंतु युरोपात पशुखाद्यासाठीच्या अळीला स्वयंपाकघरातले उष्टे चालत नाही, हे वर आलेच आहे. तिथे कोंडा, बिअरच्या कारखान्यातला चोथा, फळे-भाज्यांवर प्रक्रिया करताना उरलेला भाग असा स्वच्छ माल वापरला जातो आणि तो मिळवण्यासाठी गुरांच्या गोठ्यांशी स्पर्धा करावी लागते. खर्चाचे गणितही अवघड आहे. फ्रान्समधील इन्सेक्ट या मीलवर्म वाढवणाऱ्या नामवंत कंपनीवर मोठे भांडवल उभारूनही 2024 मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागण्याची वेळ आली. आपल्याकडे हवा वर्षातला बराच काळ या अळीला मानवेल अशी, 27 ते 30 अंशांच्या आसपास असते, तेव्हा तापवण्याचा खर्च वाचतो. मराठवाड्यातला प्यूपा किंवा नाशिककडच्या द्राक्षप्रक्रियेतून उरणारा चोथा खाऊन वाढलेली अळी यांचा विचार मला म्हणूनच आयात पिशवीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला पुढे संशोधन करायचे असेल तर हा विषय घ्यावा, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कंपोस्ट ड्रममध्ये जाड, करड्या अळ्या हजारोंनी झाल्या आहेत. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत असे कळले. त्या गोळा करून कुत्र्याला घालता येतील का? (एक वाचक, वसई)

उत्तर: घालू नका. अळी तीच असली तरी तिचे जेवण वेगळे आहे. तुमच्या ड्रममध्ये बुरशी आलेली पोळी, कांद्याची साले, मासळीचे काटे आणि चुकून पडलेले प्लॅस्टिक असे सगळे आहे; साल्मोनेला जिवाणूही असू शकतात, आणि कारखान्यात होते तशी उकळण्याची व तपासणीची पायरी इथे नाही. ड्रममध्ये मात्र त्यांना राहू द्या, त्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. कुत्र्याने त्यातल्या दोन-चार चाटल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

अंगणातल्या किड्यांबद्दल अधिक सावध राहा, विशेषतः गुरे चरतात त्या जागी फिरायला नेत असाल तर. शेणकिड्याच्या अंगात स्पायरोसर्का नावाच्या जंताची अळी असू शकते. कुत्र्याने असा किडा गिळला की ती महाधमनीच्या भिंतीतून वाट काढत अन्ननलिकेत येते आणि तिथे गाठी तयार होतात. कुत्रा खाल्लेले पुन्हा पुन्हा बाहेर टाकू लागला, त्याला गिळताना त्रास होऊ लागला किंवा तो कारणाशिवाय वाळत चालला, तर दवाखान्यात नेताना त्याला शेणकिडे खाण्याची सवय आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या एका माहितीवरून तपासणीची दिशा ठरते.